कदम मॅडमचं साटंलोटं

गेल्या आठवड्यात शेजारच्या फ्लॅटमधून लग्नाची पत्रिका आली. निवृत्त होऊन लातूरला लेकीकडं राहायला आल्यापासून पत्रिका, वीजबिल आणि दुधाच्या पिशवीवरची तारीख एवढंच माझं वाचन उरलं आहे, त्यामुळं ती मी नीट वाचली. एकाच पत्रिकेत दोन लग्नं होती. डावीकडचा नवरदेव आणि उजवीकडची नवरी हे सख्खे बहीणभाऊ, आणि उरलेले दोघंही एकमेकांचे बहीणभाऊच. जावई म्हणाले, "बरं झालं, एका मांडवात दोन कामं उरकली." मी पत्रिका टीव्हीखाली ठेवून दिली आणि बाल्कनीत जाऊन बसलो. जेवायला दोनदा हाक मारावी लागली, असं लेक म्हणाली.

याला आमच्याकडं साटंलोटं म्हणतात. तुमची मुलगी आमच्या मुलाला, आमची तुमच्या मुलाला. हा प्रकार जुन्या काळाबरोबर गेला असं मला वाटत होतं. तो गेला नाही, उलट परत आला आहे, हे मला कदम मॅडमनी शिकवलं. त्या आजही हदगावला अर्थशास्त्र शिकवतात आणि त्याच सासरी राहतात. पण मला त्या दिसतात त्या वारंगा फाट्यावर उभ्या असलेल्या. ते शेवटी सांगतो.

मी हदगावच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. लोकांना वाटतं ग्रंथपाल पुस्तकं राखतो. खरं म्हणजे तो प्राध्यापकांना पंखा, कोपरा आणि एकमेकांची निंदा करायला श्रोता पुरवतो. पुस्तक मागणारा प्राध्यापक मला वर्षातून एखादाच भेटायचा. कदम मॅडम नोकरीला लागल्या त्याच आठवड्यात ग्रंथालयात आल्या आणि त्यांनी पुस्तक नाही मागितलं, कपाट मागितलं.

तेव्हा आमचं ग्रंथालय नुकतंच संगणकावर गेलं होतं. जुन्या कार्डांचं साठ खणांचं सागवानी कपाट रिकामं होऊन कोपऱ्यात पडलं होतं. शिपायाचा डोळा त्याच्यावर होता, कांदे-बटाटे ठेवायला. मॅडमनी एक खण ओढून पाहिला, परत लोटला, आणि म्हणाल्या, "वाघमारे सर, हे मला द्या. यात माणसं ठेवायची हायेत."

मला आधी वाटलं, बाई जरा तऱ्हेवाईक दिसतात. मग त्यांनी समजावून सांगितलं. तालुक्यातल्या पाच-सहा गावांतल्या घराघरांची त्यांना कार्डं करायची होती. एका जोडप्याचं एक कार्ड. लग्न केव्हा झालं, तेव्हा ती केवढी होती, तो केवढा होता, मुलं किती झाली, किती जगली, वेगळं घर केव्हा केलं, रान किती होतं, पुढं किती झालं. मग त्यांच्या मुलांची कार्डं, मग नातवंडांची. चार पिढ्या ओळीनं लावल्या की कुटुंब लहान कधी झालं, कशामुळं झालं आणि घरात बरकत आधी आली की नंतर, हे कळेल असं त्यांचं म्हणणं. हीच त्यांची पीएच.डी. होती. पुढं दहा-बारा वर्षं ते कपाट भरत राहिलं. त्या सगळं पेन्सिलीनं लिहायच्या. पेन का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "माणसं जिवंत हायेत सर. उद्या आणखी काही आठवंल त्यांला."

त्या दिसायला ठेंगण्या, अंगानं सुकट, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत जाणारा. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. चहा अर्धा कप, तोही उभ्यानं. चार वाजून दहा मिनिटांनी ग्रंथालयाच्या दारातून त्यांची पिशवी बाहेर पडायचीच, कारण सव्वाचारच्या बसनं त्यांना अर्धापूरकडच्या आपल्या सासरी पोचावं लागायचं. स्नेहसंमेलन असो की प्राचार्यांच्या मुलीचं लग्न, चार दहा म्हणजे चार दहा. कोणी कसलाही बेत मांडला, सहल, परिसंवाद, नांदेडला नाटक, की मॅडमचं एकच उत्तर असायचं: "उषाचं काय होईल ते बघते."

पहिली दोन वर्षं आम्ही सगळे समजत होतो की उषा हे त्यांच्या सासूबाईंचं नाव आहे.

त्यांच्या संशोधनाचा सगळा दम एका प्रश्नात होता: "केवढ्या होत्या तुम्ही?" खेड्यातल्या म्हाताऱ्या बायांना वय विचारलं की त्या हसतात. जन्मतारीख कोणाची कोणी लिहिली होती? म्हणून मॅडम कामं विचारायच्या. लग्न झालं तेव्हा भाकरी थापता येत होती का? दळायला एकट्या बसत होता का दुसरीच्या खुंट्याला हात लावत होता? घागर एक आणत होता का दोन? कोणतं काम पोरीला कोणत्या वर्षी येतं याचं एक कोष्टकच त्यांनी डोक्यात बनवलं होतं, आणि त्यावरून त्या वर्ष दोन वर्षांच्या फरकानं वय सांगायच्या.

एकदा त्या माझ्या आईकडं आल्या. आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. आयुष्यात तिला कोणी वही उघडून काही विचारलं नव्हतं, त्यामुळं ती लुगडं बदलून बसली होती.

"आजी, लगीन रझाकाराच्या आधी का नंतर?"

"आधी. रझाकाराच्या भेवानं रानात पळालो तवा मी सासूसंग पळाले की."

"पाण्याला जात होता?"

"हाव. नदीच्या झिऱ्यावर. आमाला कोण हिरीवर येऊ देतंय?"

"घागर एक का दोन?"

"येकच. ती बी अर्धी. भरली म्हंजी मान वाकडी व्हायची."

मॅडमनी पेन्सिल टेकवली. "म्हणजे दहाच्या आसपास." मग म्हणाल्या, "लेकरं किती झाली आजी?"

"चार हायेत."

"हायेत किती ते नाही. झाली किती?"

आईनं हाताचा पंजा पुढं धरला. मग बोटं दुमडत मोजायला लागली. नऊ झाली. मला चार माहीत होती, आणि त्यांत मी सगळ्यांत धाकटा. आई म्हणाली, "ह्याच्या पाठची एक व्हती. शांता. दीड वर्साची झाल्ती. लई बोलकी." मी पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, मला त्या दिवशी कळलं की मला एक धाकटी बहीण होती आणि ती बोलकी होती. मी उठून मागच्या दारी गेलो आणि रडलो. परत आलो तेव्हा मॅडम आईला तिचं कार्ड वाचून दाखवत होत्या, नऊच्या नऊ नोंदी. एक मूल नाव ठेवायच्या आधीच गेलं होतं, तिथं त्यांनी 'मुलगा, बारा दिवस' असं लिहिलं होतं. आई मान हलवत होती. पुढं कितीतरी दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझं कारट झालंया कालिजात.

वर्गात त्या रंगून शिकवायच्या. आमच्याकडं अर्थशास्त्र घेणारी मुलं म्हणजे दुसरीकडं जागा न मिळालेली. त्यांना मॅडम तीन-चारशे वर्षांपूर्वीचा युरोप सांगायच्या. तिकडं, विशेषतः पश्चिमेच्या बाजूला, गरिबाघरची पोरगी चौदा-पंधराची झाली की दुसऱ्याच्या घरी कामाला राहायची, स्वतःची भांडी, अंथरूण-पांघरूण जमवायची, आणि चोविशी-पंचविशीत लग्न करायची. कारण तिकडं लग्न म्हणजे वेगळी चूल. चूल मांडायची ऐपत येईपर्यंत लग्न नाही. त्यामुळं मुलं कमी होत, हातात थोडं उरे, आणि त्या उरलेल्यातून पुढं धंदा, यंत्रं, वाढ झाली, असं काही विद्वान म्हणतात आणि काही म्हणतात की एवढं सोपं नाही. हे सगळं ग्रंथालयाच्या भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

एकदा एका मुलानं विचारलं, "म्यॅडम, लग्नाआधी धा वर्सं दुसऱ्याच्या घरी? लोक काय म्हणायचे?"

"लोक म्हणायचे, अजून किती भांडी राहिली?"

वर्ग हसला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "म्यॅडम, त्या पोरींला इचारून लगीन व्हायचं का?"

मला पुढचं ऐकू आलं नाही. मॅडमनी आवाज खाली आणला होता. तास संपल्यावर त्या माझ्याकडं आल्या आणि अर्धा कप चहा उभ्यानंच, पण फार वेळ पीत राहिल्या.

उषा कोण ते मला उषानंच दाखवलं. हदगावच्या बाजारच्या दिवशी एक धिप्पाड, सावळी बाई ग्रंथालयात शिरली. हातात मेथीच्या जुड्या. आमच्या शांतता राखाच्या पाटीखाली उभं राहून तिनं हाळी दिली, "वैनी हायेत का हितं?"

मॅडम कपाटामागून आल्या. त्या बाईनं पदर बाजूला केला. गालावर चार बोटं उठली होती.

"वैनी, तुमी परवा दादासंग भांडला का?"

मॅडम म्हणाल्या, "नांदेडला परिसंवादाला जायचं म्हणलं मी. मुक्कामी."

"मारलं का त्यानं?"

"एक."

"मग ही त्याचीच." तिनं गालाला हात लावला. ती चिडलेली नव्हती, हिशेब जुळल्यासारखी बोलत होती. "तुमच्या आईनं तुमच्या भावाला सांगितलं, भावानं मला दिली. वैनी, तुमी भांडू नका. भांडायचंच आसलं तर माहेरी कळू देऊ नका."

ही उषा. मॅडमच्या नवऱ्याची बहीण आणि मॅडमच्या भावाची बायको. म्हणजे मॅडमची नणंदही तीच आणि भावजयही तीच. "कोणत्या तोऱ्यात बोलावं तेच कळत नाही हिच्याशी," मॅडम नंतर मला म्हणाल्या आणि हसल्या. त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि पुन्हा कधी लपवलं नाही.

साटंलोट्यात जे एकीला होतं ते दुसरीला होतं. इकडची चार दिवस माहेरी गेली की तिकडची चार दिवस. इकडं नवीन लुगडं आलं की तिकडं आलंच पाहिजे. आणि एक सासर सोडून आली की दुसरीला त्याच दिवशी घराबाहेर काढायचं. मॅडमना आपल्या माहेरची खबर फोनशिवाय कळायची. सासूबाई सकाळी उगाच गोड बोलल्या की समजायचं, उषाला तिकडं बरं चाललंय. चहात साखर कमी पडली की समजायचं, काहीतरी बिनसलं. नवरा, प्रल्हादराव, तसा दुष्ट माणूस नव्हता. केळीच्या बागेत राबणारा, अबोल, दहावी नापास. बायको आपल्याहून शिकलेली आहे याची त्याला लाज होती आणि बायको हातची गेली तर बहिणीचं घर मोडेल याची भीती. मॅडमचा भाऊ दिगंबर हा त्याचाच नमुना, फक्त केळीच्या जागी कापूस.

"सर, मी हो म्हणलं होतं," असं त्या प्रत्येक वेळी सांगायच्या. तेवढं एक त्यांना फार टोचायचं. एम.ए.ला पहिल्या आल्या त्या उन्हाळ्यात वडील म्हणाले, तू हो म्हणलीस तर तुझ्या भावाचं घर बसंल, त्याला कोणी पोरगी देऊन नाही राहिलं. आणि त्या हो म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं, नोकरी करू देतायत, म्हणजे बाकीचंही निभेल.

त्यांच्या वडिलांची गोष्ट त्या कधी रागानं सांगायच्या, कधी कौतुकानं. दोन मुलांवर थांबणारा गावातला तो पहिला माणूस. स्वतः शिबिरात जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली. अधिकाऱ्याच्या हस्ते सत्कार झाला, त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून ओसरीवर लावलं होतं. त्या काळात गावात लोक टिंगल करायचे, आणि हा माणूस छाती काढून फिरायचा. लेकीला शिकवलं तेही त्याच हिमतीनं. मॅडमच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या एका मोठ्या सरांनी खूश होऊन म्हटलं, "थोडक्यात, कुटुंब लहान झालं, बरकत आली आणि स्त्री मोकळी झाली. असंच ना?"

मी मागं बसलो होतो, कार्डांचे खण घेऊन. मॅडमनी माझ्या मांडीवरच्या खणांकडं पाहिलं.

"पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत सर. तिसरी माझ्या कार्डांत सापडत नाही. पाणी आलं, बागा आल्या, जीप आली. पण शेतकऱ्याच्या पोराला आता पोरगी मिळत नाही, सगळ्यांना नोकरीवाला पाहिजे. मग ज्याच्या घरात बहीण आहे तो म्हणतो, द्यायची तर एक द्या, एक घ्या. आधी घरात चार-पाच पोरी असायच्या. त्यातली एखादी साट्यात गेली तरी बाकीच्या सुटायच्या. आता एकच असते."

सरांनी विचारलं, "हे तुम्ही निष्कर्षात का लिहिलं नाही?"

"लिहिलं होतं. मार्गदर्शक सरांनी काढायला लावलं."

मार्गदर्शक पंख्याकडं बघायला लागले. पदवी मिळाली. बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "मला तीन बहिणी असत्या ना सर, तर मी आज कुठं असते!" आणि घड्याळ उलटं करून बघितलं. चारला पाच कमी होते.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात त्यांना हैदराबादच्या एका संस्थेचं पत्र आलं. त्यांची कार्डं कोणीतरी पाहिली होती. दोन वर्षं तिथं राहून मराठवाडा आणि तेलंगणातल्या सीमेवरच्या गावांचं असंच काम करायचं, राहायची सोय संस्थेची. पत्र घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा पहिल्यांदा खुर्चीत बसल्या. मुलगा रोहित लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला होता, होस्टेलवर. घरात अडवणारं असं काही नव्हतं. फक्त सासरे, ज्यांना त्या मामा म्हणायच्या, म्हणाले, "जा की. तू हैदराबादला, उषा हितं. गुड्डी तिच्या बापाची, ती तिकडंच राहील."

गुड्डी म्हणजे उषाची अकरा वर्षांची एकुलती मुलगी. तिचं नाव निघालं की संपलं. मॅडमनी नकाराचं पत्र लिहून माझ्याकडं पाकीट मागितलं. मी दिलं नाही. संपलीत म्हणालो. एकतीस वर्षांत ग्रंथालयातली पाकिटं कधी संपली नव्हती.

बाजारच्या दिवशी उषा आली. या वेळी मेथी नव्हती. पत्राचं सगळं तिला माहीत होतं.

"वैनी, तुमी एकट्या गेल्या तर मी तुटते. मी एकटी निघाले तर तुमी. दोघी एकाच दिवशी निघालो तर? तुमी तुमच्या माहेरी, मी माझ्या. गुड्डीला मी संगंच आणते, अर्धापूरच्या शाळंत घालते. आमच्या गावात सातवीच्या म्होरं शाळा न्हाई, तिचा बाप म्हणून राहिला, बास झालं शिक्षण."

मॅडम उठल्या आणि कपाटापाशी गेल्या. त्यांनी साट्याची कार्डं काढली, टेबलावर मांडली. जिथं जिथं मोडलं होतं तिथं आधी एक निघाली होती, मग दुसरीला काढलं होतं, मग मारामाऱ्या, कोर्ट. दोघी एकाच दिवशी निघाल्याचं एकही कार्ड नव्हतं. "कोणाचंच नुकसान नाही," त्या म्हणाल्या, "मग भांडायला जागाच कुठं हाय?" इतकी वर्षं माझ्या ओळखीच्या असलेल्या मॅडमच्या चेहऱ्यावर त्या दिवशी कॉलेजातल्या पोरीसारखी खोडी दिसली. मीही मूर्खासारखी मान डोलावली. कार्डांवर आम्हा दोघांचाही भलताच विश्वास.

गुरुवारी सकाळी दोघी निघाल्या. मॅडमनी होकार कळवला होता, सोमवारी त्यांना हैदराबादला रुजू व्हायचं होतं. शुक्रवारी माझा निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं, आणि रविवारी दोन पेट्या घेऊन मी लातूरला जायला निघालो. नांदेडची बस वारंगा फाट्यावर थांबते. तिथली खिचडी खाल्ल्याशिवाय ड्रायव्हर पुढं जात नाही.

हॉटेलच्या बाकावर कदम मॅडम बसल्या होत्या. शेजारी वडील आणि दिगंबर. पिशवी पायाशी. मला पाहून त्या उठून बाजूला आल्या.

"सर, चूक झाली आपली," त्या म्हणाल्या. "कोणाचंच नुकसान नव्हतं ना, त्यामुळं कोणाला रागच आला नाही. मिटवायला एक फोन लागला. मामा म्हणाले, तुमची तुमच्याकडं, आमची आमच्याकडं, बरोबरी झाली. आता दोन्हीकडं भाकरी कोणी टाकायची? रविवारी फाट्यावर या, अदलाबदल करू."

"आणि हैदराबाद?"

"मी तरी जाते म्हणलं. तर दिगंबर म्हणला, जा, मी गुड्डीला शाळेतून उचलून आणतो. उषाचा फोन आला मग. नुसतीच रडली." त्या रस्त्याकडं बघत होत्या. "काल कळवलं त्यांना. घरगुती अडचण."

मला संताप आला. त्यांच्या वडिलांचा, दिगंबरचा, त्या पाकिटाचा आणि माझाही. मी म्हणालो, "खिचडी घ्या थोडी." त्या म्हणाल्या, "खाल्ली."

जीप आली. प्रल्हादराव चालवत होते. सासरे पुढं, उषा आणि गुड्डी मागं. कोणी कोणावर ओरडलं नाही. दोन्हीकडच्यांनी रामराम केला. सासऱ्यांनी दिगंबरला केळीचा घड दिला, दिगंबरनं तो आपल्या गाडीत ठेवला. दोघे म्हातारे पावसावर बोलले. उषा उतरली, मॅडम चालत गेल्या. रस्त्याच्या कडेला दोघी एकमेकींसमोरून गेल्या तेव्हा उषानं मॅडमचा दंड क्षणभर धरला आणि सोडला. मी जन्मात इतकी शांतपणे चाललेली वाईट गोष्ट पाहिली नाही. आमच्या कंडक्टरनं शिट्टी मारली, मी बसमध्ये चढून खिडकीत बसलो.

मॅडमनी जीपच्या पायरीवर एक पाय ठेवला होता. सगळं सुरळीत झाल्यामुळं सासरे खुशीत होते. त्यांनी जीपपाशीच रेंगाळलेल्या गुड्डीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "ही कुठं जाती आता? आमचा रोहित डाक्टर झाला की ही आमच्याच घरात यायची."

दिगंबर हसला. "रोहितच्या मामाचीच पोरगी हाय, हक्काची हाय."

वडील हसले, प्रल्हादराव हसले. सवयीनं उषाही हसली.

मॅडमनी पायरीवरचा पाय खाली घेतला.

"मामा, तेवढं परत घ्या."

"अगं, गमतीनं म्हणलं."

"माझं बी आधी गमतीनंच निघालं होतं. परत घ्या. ह्या सगळ्यांसमोर म्हणा, गुड्डीचं न्हाई म्हणून."

"बस आत. लोक बघून राहिले."

"बघू द्या. मी आले ना परत? जिथं म्हणाल तिथं आले. पण हे ऐकल्याबिगर मी ह्या जीपमध्ये बसणार न्हाई."

तो वर्गातला आवाज होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. हॉटेलातले लोक चमचे थांबवून बघायला लागले. प्रल्हादरावांनी हॉर्न दिला, मग आणखी एक. सासऱ्यांनी टोपी काढून पुसल्यासारखं केलं. पलीकडं दिगंबर उषाला म्हणाला, "चल." उषा गाडीत बसली नाही. ती रस्ता ओलांडून मॅडमच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं गुड्डीला जवळ ओढलं.

आमची बस सुटली. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिलो, कंडक्टर ओरडला तरी. बस वळणावर गेली तोवर जीपचं दार उघडंच होतं, हॉर्न वाजत होता, आणि त्या दोघी पोरीला मधे घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या.